कानटोपीचं पान

६ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काम होत नाही. तुम्ही म्हणता, "आधी तुम्ही बोला," मी म्हणते, "छे, तुम्ही," आणि मग तुमच्या गुडघ्यांची आणि माझ्या मानेची चौकशी होऊन फोन संपतो. मुलांना मध्ये घालायचं नाही असं आपलं ठरलेलं आहे. माझ्या लेकीला सांगितलं तर ती तुमच्या चिरंजीवांना सांगणार, ते तुम्हाला, आणि तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत माझी साधी विनंती म्हणजे तक्रार झालेली असणार. म्हणून ही मेल.

माझ्या विणकामाच्या साइटवरची पाच पानं काढून टाकायची आहेत. बाळाची कानटोपी, पट्ट्यांचे मोजे, मोबाइलचं कव्हर, बिनबाह्यांचं जाकीट आणि उशीचा अभ्रा. जुनी झालीत. आता असलं कुणी विणत नाही. पोरांचं लग्न झालं त्याच महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, "वाचनालयातून रिटायर झालोय, साइटचं सगळं मी बघतो." मी कधी त्रास दिला नाही. आज देतेय. जमलं तर आजच्या आज करा. विशेषतः कानटोपी.

विहीणबाईंना, म्हणजे आपल्या सौ.ना, नमस्कार सांगा.

आपली,
विहीण


८ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

काम फत्ते. पाचही पानं काढली. पण नुसती काढली असती तर मी चौतीस वर्षं वाचनालयात काय केलं, असा प्रश्न कुणीही विचारला असता.

आमच्याकडे एखादं पुस्तक जीर्ण झालं, काढून टाकलं, तरी त्याचं कार्ड आम्ही फाडत नसू. त्यावर लाल शाईने लिहायचं, "याऐवजी पाहा", आणि पुढे जवळच्या पुस्तकाचा क्रमांक. वाचक रिकाम्या हाताने परत गेला, असं माझ्या टेबलावरून एकदाही झालं नाही. तोच न्याय इथे लावला आहे. काढलेल्या पानावर कुणी आलं की साइट त्याला आपोआप जवळच्या पानावर नेऊन सोडते. मोज्यांवर आलेला माणूस गरम पाण्याच्या पिशवीच्या कव्हरवर जातो. मोबाइलच्या कव्हरवरून चष्म्याच्या घरावर. जाकिटावरून शालीवर, अभ्र्यावरून आसनावर. कानटोपीने मात्र माझी एक अख्खी दुपार खाल्ली. लहान मुलांचं तुमच्याकडे दुसरं काहीच नाही. शेवटी किटलीच्या टोपीवर पाठवलं. दोन्ही गोल, दोन्ही वरून बंद, दोन्हींचं काम आतला ऐवज उबदार ठेवणं.

सौ. म्हणते, इतकं डोकं संसारात लावलं असतं तर बरं झालं असतं. असो.

आपला,
व्याही


१५ जानेवारी

व्याहीबुवा,

आज सकाळपासून तीन फोन आले. पहिली म्हणाली, "बाई, बाळाच्या टोपीला हे समोरचं भोक कशासाठी?" मी म्हटलं, कसलं भोक. दुसरीने विचारलं, मागची खाच आणि पुढचं भोक यांपैकी कान कोणत्यातून बाहेर काढायचे. तिसरीने विणून पूर्ण केली होती. व्याहीबुवा, ते भोक किटलीच्या नळीचं आहे आणि खाच कानाची नाही, किटलीच्या दांड्याची आहे. तिने नळीच्या भोकातून बाळाचं नाक बाहेर काढलंय आणि मला फोटो पाठवून विचारतेय, बरोबर ना.

मी कपाळावर हात मारून घेतला. मी पान काढायला सांगितलं होतं, त्याची सोयरीक जमवायला नाही.

आणि दुसरं. पान काढलंत म्हणता, मग सर्चमध्ये ते अजून दिसतं कसं? "बाळाची कानटोपी" असं टाकलं की पहिल्या पाचात आपलीच साइट, आणि खाली तीन ओळींत अर्धा नमुना: "बेचाळीस टाके घालून सुरुवात करा. दोन्ही बाजूंना हनुवटीखाली बांधायला पाऊण हात लांब दोरी..." हे मला तिथे नको आहे. किटली सोडवा आणि त्या तीन ओळी घालवा. बाकीच्या चारांचं सवडीने केलंत तरी चालेल.

विहीण


१८ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमची मेल सौ.ने मोठ्याने वाचली. बाळाच्या नाकापाशी आल्यावर तिला पुढे वाचवेना, इतकी हसत होती. मला मात्र लागलं. हेतू चांगला होता, एवढं तरी आपण धरायला हवं होतं.

असो. किटली सोडवली. आता पाचही पानांवरचे लोक थेट साइटच्या पहिल्या पानावर जातात, जिथे तुमचा फोटो आहे आणि "या, बसा, विणूया" असं लिहिलं आहे. आलेला माणूस दारात उभा राहण्यापेक्षा आत येऊन बसेल आणि स्वतःच शोधेल. यात कुणाच्या नाकाला धोका नाही.

सर्चचाही बंदोबस्त केला. सर्चवाल्यांचा एक रोबो असतो, तो साइटी वाचत फिरतो. त्याच्यासाठी दारावर एक पाटी लावता येते. मी तिच्यावर लिहिलं आहे की या पाच पानांकडे अजिबात फिरकायचं नाही. आता तो तिकडे जाणार नाही, आणि जे बघितलंच नाही ते कुणी किती दिवस लक्षात ठेवणार? आठ-दहा दिवस कळ काढा.

आपण एका टोपीसाठी एवढा जीव का काढता आहात, हे कळलं नाही. पण विचारत नाही.

आपला,
व्याही


१२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

आठ-दहा दिवस म्हणाला होतात. पंचवीस झाले. त्या तीन ओळी जागच्या हललेल्या नाहीत. मी रोज बघते. सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते आणि बघते, दोनदा दूध उतू गेलं.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला घरी बोलावलं. शाळेत असताना तिला साधा उलटा टाका जमत नव्हता, आता एका मोठ्या दुकानाच्या साइटीचं काम बघते. तिला तुमचा बंदोबस्त सांगितला. ती हसली, मग पाणी मागितलं, मग परत हसली. नंतर तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. तेच उतरवते.

तुम्ही रोबोला सांगितलं, तिकडे फिरकू नकोस. तो शहाण्यासारखा फिरकला नाही. मग पान काढलंय हे त्याला कळणार कसं? त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा पान तिथे होतं, म्हणून तो अजूनही तेच सांगत सुटलाय. खोली रिकामी केलीत आणि बाहेरून कुलूप घातलंत. कुलूप काढा. त्याला आत येऊ द्या, बघू द्या.

आणि आत आल्यावर त्याला काय दिसायला हवं? माझा फोटो नाही. पानाच्या पत्त्यावर कुणी आलं की साइट आधी एक आकडा सांगते, तो आपल्याला दिसत नाही, यंत्रांना कळतो. दोनशे म्हणजे सगळं जागेवर आहे. चारशे चार म्हणजे सापडलं नाही. चारशे दहा म्हणजे होतं, काढलं, परत येणार नाही. तुम्ही सगळ्यांना पहिल्या पानावर ढकलताय, तिथे आकडा दोनशेचा. माणसांना वाटतं आपण चुकीच्या दारात आलो, यंत्रांना वाटतं काहीतरी लपवालपवी आहे. ती म्हणाली, दुसऱ्या पानावर पाठवायचं ते फक्त तीच गोष्ट तिथे गेली असेल तेव्हा. दुकान पलीकडच्या गल्लीत हललं तर पाटी लावायची. दुकान बंदच झालं तर "बंद झालं" म्हणायचं, गिऱ्हाईकाला चांभाराकडे पाठवायचं नाही.

चारशे दहा करा. आणि सर्चवाल्यांकडे तातडीने लपवण्याचा अर्ज करता येतो म्हणे, तोही आज करा. मी हात टेकलेत.

विहीण


१३ फेब्रुवारी

विहीणबाई,

कुलूप काढलं. पाचही पानांना चारशे दहा लावला. आता कुणी आलं तर त्याला एक साधं पान दिसतं: "हा नमुना काढून टाकला आहे." खाली बाकीच्या नमुन्यांची यादी आणि शोधायला एक चौकट. ढकलाढकली बंद. साइटीवर सगळ्या पानांची एक यादी रोबोसाठी ठेवलेली असते, तीत ही पाच पानं अजून मिरवत होती, तिथूनही काढली. तीही माझीच चूक. जवळजवळ चार आठवडे मी एकीकडे त्याला तिकडे जाऊ नको सांगत होतो आणि दुसरीकडे त्याच्या हातात पत्ता देत होतो. तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगू नका.

अर्जही केला. तो तात्पुरता आहे, काही महिन्यांपुरता, पण त्या तीन ओळी दोन दिवसांत दिसायच्या बंद होतील.

एक विचारतो. आतापर्यंत विचारत नाही म्हणालो, आता विचारतो. कुठल्या पानावर किती लोक येतात हे मी काल पहिल्यांदा नीट पाहिलं. मोजे, कव्हर, जाकीट, अभ्रा या चौघांकडे सबंध महिन्यात मिळून सात माणसं आली, त्यातली चार मीच असेन. कानटोपीवर रोज चाळीस येतात. नवीन आयांच्या कुठल्याशा गटाने तिची लिंक दिलेली आहे, "पहिल्यांदा विणणारीलाही जमेल" म्हणून. जुनी झाली म्हणून काढलीत म्हणता, मग सगळ्यात चालणारंच पान का? आणि जीव फक्त त्या दोरीच्या ओळीवर का?

चौतीस वर्षं मी लोकांना पुस्तकं परत करताना बघितलं आहे. पान फाडलेलं पुस्तक देणारा माणूस सोबत आणखी चार पुस्तकं घेऊन येतो आणि फाटलेलं मधोमध ठेवतो.

कारण काय, विहीणबाई?

व्याही


२१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमची मेल वाचून आधी संताप आला. मला पुस्तकं फाडणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंत. लेकीला फोन करून तुमच्याविषयी चार शब्द बोलले, पाचवा बोलणार होते पण तिचं ऑफिस होतं. मग आठ दिवस काही लिहिलं नाही. आता लिहिते.

तीन जानेवारीला साइटीवरून मला एका बाईचा निरोप आला होता. तिने ती कानटोपी माझ्या नमुन्यावरून विणली. तिचं बाळ सात महिन्यांचं. भर दुपारी, घरात, बाबागाडीत झोपलं होतं. ते खाली सरकलं आणि टोपीची दोरी गाडीच्या कडीत अडकली. ती हनुवटीखालून गळ्यावर आली. बाळ रडलं नाही. रडता येत नव्हतं. ती त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठ करून. एक झबलं खाली पडलं, ते उचलायला वळली, म्हणून दिसलं. बाळ बरं आहे. तिने मला एक शब्द वाईट लिहिला नाही. शेवटी एवढंच होतं, "कृपया बाकीच्यांना सांगा."

आणि मी पान काढायला सांगितलं. कुणाला सांगितलं नाही. तिला उत्तरसुद्धा दिलं नाही. एकटी टोपी काढली तर कुणी विचारेल, म्हणून सोबत चार निरपराध पानं दिली.

तीस वर्षं शिकवतेय मी. माझ्या हाताखालून गेलेल्या बायका रस्त्यात थांबून पाया पडतात. त्यांना काय सांगू, की बाईंच्या टोपीने एक पोर जात होतं? मला वाटलं, पान गेलं की गोष्ट गेली. दोरी दिसायलाच नको कुणाला. तुम्ही माझा वेडेपणा म्हणत असाल त्या तीन ओळींचा. त्या ओळी वाचून उद्या आणखी कुणी दोरी घालील, ही भीती खरी होती. पण माझं नाव त्यांच्या वर होतं, हीही होती. यातली कुठली मोठी होती, ते मला विचारू नका.

आता तुम्हाला कळलं. सौ.ना सांगू नका.

विहीण


२३ फेब्रुवारी

विहीणबाई,

सौ.ला सांगावं लागलं. का ते ऐका आणि मग काय बोलायचं ते बोला.

तुमची मेल मी दोनदा वाचली. मग मनात आलं की आमच्या घरातही तुमचे नमुने छापलेले आहेत. सौ.ला विचारलं, कानटोपी कधी विणलीस का. तिने शिवणाच्या खणातून कागद काढला. दोन वर्षांपूर्वी छापलेला, घडीवर फाटलेला, कडेला पेन्सिलीने टाके मोजलेले. म्हणाली, एक विणली होती की, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या बाळाला, दोरीला गोंडे लावून.

मी चपला न घालताच वर गेलो. गुडघ्यांची आठवण परत येताना झाली. बेल वाजवली. त्या मुलीने दार उघडलं, कडेवर पोरगं, चांगलं धष्टपुष्ट, हातात बिस्कीट. मी धापा टाकत म्हटलं, "टोपी कुठे आहे?" तिला वाटलं माझी टोपी हरवली. मी म्हटलं, "याची. गोंड्यांची." ती म्हणाली, "काका, ती केव्हाच लहान झाली. मी माझ्या मामेबहिणीला दिली." मामेबहिणीला फोन लावला. तिने वापरून पुढे कुणाला तरी दिली होती, तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी. आणि ऑफिस तिने मागच्या वर्षी सोडलं. तिथे धागा संपला.

तुम्ही म्हणता पान गेलं की गोष्ट गेली. सर्चमधून गेलं. लोकांच्या खणांतून आणि पोरांच्या डोक्यांवरून कसं जाणार? आणि आज त्या टोपीला हात लावताना जिला शंका येईल, ती येणार कुठे? त्याच पत्त्यावर. रोज चाळीसजणी येताहेत. त्यांना मी काय दाखवतोय? "हा नमुना काढून टाकला आहे." आणि खाली गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर.

आमच्याकडे एकदा औषधांच्या एका पुस्तकात मात्रा चुकीची छापली गेली होती. पुस्तक आम्ही गुपचूप काढलं नाही. प्रकाशकाने शुद्धिपत्र पाठवलं, ते मी माझ्या हाताने डिंक लावून त्या पानावर चिकटवलं, आणि ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक नेलं होतं त्यांना कार्डं टाकली. हे मला दीड महिना आठवलं नाही. तुमच्या टोपीला किटली शोधत बसलो. मला माझी लाज वाटते आहे, म्हणून तुमची काढत नाही.

ते पान त्याच पत्त्यावर परत आणायचं. नमुना नाही. शुद्धिपत्र. मजकूर तुम्ही लिहा, तुमच्या नावाने. सौ.ने आपला कागद फाडला आहे.

व्याही


२६ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

दोन दिवस भांडले तुमच्याशी, मनातल्या मनात. सगळी भांडणं मी जिंकले आणि तरी लिहायला बसावं लागलं. खाली मजकूर आहे, लावा.

"काही तांत्रिक कारणास्तव कानटोपीचा नमुना मागे घेण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

विहीण


२६ फेब्रुवारी, दुपार

विहीणबाई,

दोरी तांत्रिक नसते. लावत नाही.

व्याही


२७ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

साइट माझी आहे, हे आपण विसरताय. लावत नाही म्हणजे काय? हा दुसरा.

"लहान मुलांना विणलेली टोपी घालताना दोरीबाबत पालकांनी योग्य ती काळजी घ्यावी."

विहीण


२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

विहीणबाई,

साइट तुमची, मान्य. पण हा मजकूर वाचून ती बाबागाडीवाली बाई काय म्हणेल? तिने काळजी घेतली नाही, असं म्हणताय तुम्ही. ती त्याच खोलीत होती.

सौ. म्हणते, विहीणबाईंना म्हणावं, वर्गात मुलींना उसवायला लावता तेव्हा काय सांगता? चूक जिथे आहे तिथपर्यंत उसवा, दोन ओळी वरवर उसवून भागत नाही, असंच ना. हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही. मी फक्त पोचवतो.

व्याही


३ मार्च

व्याहीबुवा,

सौ.ना सांगा, उसवलं. यात एक अक्षर बदलू नका. माझा फोन नंबरही तसाच ठेवा.

"या कानटोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी होती. ती बाळाच्या गळ्याला आवळू शकते. एका बाळाच्या बाबतीत तसं झालं. आई जवळ होती आणि तिचं लक्ष गेलं म्हणून बाळ वाचलं. दोरी घालायला मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. तुमच्याकडे ही टोपी असेल तर दोन्ही बाजूंची दोरी आत्ता मुळापासून कापा. टोपी कुणाला दिली असेल तर त्यांना कळवा. नमुना छापलेला असेल तर फाडून टाका. तो इथे पुन्हा येणार नाही. काही विचारायचं असेल तर मला फोन करा, मी स्वतः बोलेन."

त्या बाईलाही आज लिहिलं. म्हटलं, तुम्ही सांगा म्हणाला होतात आणि मी दोन महिने लपवलं. आता सांगितलंय. तिचं उत्तर आलं, "वाचलं." पुढे काही नाही. मी अधिक अपेक्षाही करत नाही.

विहीण


४ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

लावलं. अक्षर बदललं नाही.

चारशे दहा काढला, आता त्या पत्त्यावर पान आहे आणि आकडा खरोखरीच दोनशेचा आहे. त्याचं शीर्षक मी "बाळाची कानटोपी: दोरी कापा" असं ठेवलं आहे, कारण सर्चमध्ये शीर्षक आणि पहिल्या दोन ओळी दिसतात. जी पान उघडणार नाही तिनेही एवढं वाचावं. तातडीने लपवण्याचा जो अर्ज आपण केला होता, तो आज मागे घेतला. तो राहिला असता तर शुद्धिपत्रही लपलं असतं, आणि मी परत तुमच्या विद्यार्थिनीच्या तोंडी गेलो असतो. नवीन आयांच्या गटालाही कळवलं. त्यांनी लिंक तशीच ठेवून वर ठळक लिहिलं आहे.

बाकीची चार पानं गेली ती गेलीच. त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर साइट खरं सांगते.

एक कबुली. मी सगळ्यांना कुठे ना कुठे पाठवायचो ते मला "नाही" म्हणता येत नाही म्हणून. सौ. हे तीस वर्षं सांगते आहे.

आपला,
व्याही


२० मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

आजवर सव्वीस फोन आले. रोजचं पातेलं उतू जाणं चालूच आहे, आता निराळ्या कारणाने. सहाजणींनी विचारलं, दोरीऐवजी बटण चालेल का. मी म्हटलं, काहीच नको, कानांवर घट्ट बसेल अशी विणा, टाके मी सांगते. दोघींनी मला झापलं. एकीच्या सासूबाई लांबून ओरडत होत्या, त्यांचंही ऐकलं. माझी आणखी एक जुनी विद्यार्थिनी फोनवर रडली, म्हणाली, बाई, मी माझ्या वर्गात चौदाजणींना शिकवली ही टोपी. मी म्हटलं, मग चौदा फोन कर, आणि आधी नाक पूस. माझ्या मानेचं विचाराल तर फोन धरून धरून ती पार कामातून गेली आहे.

काल दुपारी एक फोन आला. बाईचा आवाज होता, तरुण. मागे कपडे धुण्याच्या मशीनची घरघर. मी नेहमीसारखं नाव सांगितलं आणि म्हटलं, विचारा. ती म्हणाली, विचारायचं काही नाही. टोपी तिला कुणीतरी दिली होती, कुणी विणली ते तिला माहीत नाही. गोंडे छान होते म्हणून रोज घालायची, कालपर्यंत.

मी म्हटलं, मग?

ती म्हणाली, "कापली. तेवढंच सांगायला फोन केला." आणि ठेवला.

मी फोन हातातून ठेवलाच नाही. मग तुमच्या सौ.ना लावला. तुम्हाला नाही, कारण तुम्ही "आधी तुम्ही बोला" म्हणाला असतात आणि मला बोलता आलं नसतं.

तुमची,
विहीण